प्रवासवर्णन आणि खर्चाची वही

मराठींत प्रवासवर्णनांची वाण आहे असें आतां कोणासही म्हणतां येणार नाहीं. या वर्गांतील पुस्तकें दरवर्षीं निघतात, तीं हौसेनें वाचलींही जातात, आणि त्यांतील बर्फाचे डोंगर, चित्रशाळा, उपाहारगृहें व विमानतळ यांचीं वर्णनें आतां इतकीं परिचयाचीं झालीं आहेत कीं, एका पुस्तकांतील चार पानें काढून दुसऱ्यांत घातलीं तरी वाचकास त्याचा पत्ता लागूं नये. एक गोष्ट मात्र या ढिगांत फार शोधूनही क्वचितच सांपडते. प्रवाशाजवळ पैसे किती होते, ते कोठून आले, कोठें संपले, आणि संपल्यावर त्याला जेवूं कोणी घातलें, हें लेखक सांगत नाहींत. पैशाविषयीं बोलणें आपल्या सुशिक्षित घरांत असभ्यपणाचें समजतात, हें याचें एक कारण असेल. दुसरें कारण असें दिसतें कीं, बहुतेक लेखकांना तो प्रश्न पडलेलाच नसतो. त्यांचें तिकीट कोणत्या तरी संस्थेनें, सरकारनें, मुलानें किंवा जांवयानें काढलेलें असतें.

आम्ही राहतों तें बीबी हें गांव बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्यांत आहे. लोणारचें खाऱ्या पाण्याचें सरोवर उल्कापातानें झालें. त्याच्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून २०२० सालीं त्याची नोंद रामसर यादींत झाली. तें पाहण्यास दूरदेशींचीं माणसें येतात. त्यांत पाठीवर एकच बोचकें घेऊन एस. टी. नें हिंडणारा एखादा एकटा गोरा तरुण किंवा तरुणीही अधूनमधून दिसते. हा प्रवासी श्रीमंत नसतो. तो केळीं व बिस्किटें यांवर दिवस काढतो, खोलीच्या भाड्याची घासाघीस करतो, आणि तरीही समुद्र ओलांडून येथवर आलेला असतो. त्याला पाहून आमच्याकडील तरुणांच्या मनांत येणारा प्रश्न सरळ आहे: हा इकडे येऊं शकतो, तर आम्ही तिकडे कां जाऊं नये? ज्याच्या घरचा वर्षाचा हिशेब सोयाबीनच्या आणि कापसाच्या भावावर बसतो अशा मुलानें हा प्रश्न मराठी पुस्तकाला विचारला तर पुस्तक काय उत्तर देतें, एवढ्याच दृष्टीनें आम्ही या वाङ्मयाकडे आज पाहणार आहों.

परदेश नव्हे, परंतु परमुलूख तरी पाहिलेल्या एका जुन्या ग्रंथापासून आरंभ करणें भाग आहे. विष्णुभट गोडसे यांचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. वरसईचे हे भटजी १८५७ सालीं काकांसह उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेनें नव्हे. घरचें कर्ज डोक्यावर होतें, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली होती. पुढें ते बंडाच्या धामधुमींत सांपडले, आणि त्यामुळें वाचक त्या पुस्तकाकडे झांशीच्या राणीची हकीकत म्हणूनच पाहतात. आम्हांस त्याचें दुसरें अंग अधिक मोलाचें वाटतें. द्रव्य कसें मिळालें, कसें गेलें, तें गेल्यावर पोटाचे हाल कसे झाले, हें भटजी न लाजतां सांगतात. अखेर हातीं कांहीं राहिलें नाहीं, आणि गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले. इतका मोकळा हिशेब पुढच्या विलायतवीरांच्या पुस्तकांत कोठें आहे?

परंतु गोडसे भटजींना काकांची सोबत होती, आणि त्यांनीं समुद्र ओलांडला नाहीं. एकट्यानें, परदेशीं, जवळजवळ रिकाम्या हातानें केलेल्या प्रवासाचें मराठींतील खरें पुस्तक म्हणजे धर्मानंद कोसंबी यांचें ‘निवेदन’ (१९२४). त्याची गणना आत्मचरित्रांत होते व प्रवासवर्णनांच्या चर्चेंत त्याचें नांव सहसा निघत नाहीं. ही वाटणी आम्हांस मान्य नाहीं. गोव्यांतील सांखवाळ गांवचा हा तरुण, घरची नारळाची बागाईत पाहणारा, विद्यालयाचें शिक्षण फारसें न मिळालेला. १८९७ सालीं ‘बालबोधमेवा’ या लहान मुलांच्या मासिकांत त्यानें बुद्धाचें चरित्र वाचलें, आणि दोन वर्षांनीं, १८९९ च्या अखेरीस, बौद्ध धर्माचें ज्ञान जेथें मिळेल तेथें जाण्यासाठीं घर सोडलें. पुणें, ग्वाल्हेर, काशी. १९०२ सालीं नेपाळ. तेथें मनासारखें कांहीं न सांपडल्यामुळें बुद्धगया व कलकत्ता. मग सिंहलद्वीप, आणि त्यानंतर ब्रह्मदेश. सुमारें सात वर्षांच्या या भ्रमंतींत त्याच्यापाशीं पुढच्या महिन्याची तरतूद आहे असें क्वचितच दिसतें.

एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या लेखकानें केवढें नाटक उभें केलें असतें! कोसंबी तसें करीत नाहींत. त्यांची भाषा जमाखर्चाच्या कीर्दीसारखी कोरडी आहे. अमुक गृहस्थानें गाडीभाडें दिलें, अमुक ठिकाणीं चिठ्ठी मिळाली, अमुक विहारांत राहण्याची सोय झाली, असें ते नोंदीत जातात. निसर्गवर्णन जवळजवळ नाहीं. सिंहलद्वीपांतील समुद्रकांठावर मराठी लेखकानें चार पानें खर्चिलीं नाहींत असें उदाहरण विरळा. येथें लक्ष आहे तें कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं पाली शिकण्यावर, आणि तेथील अन्न आपल्याला मानवत नाहीं या अडचणीवर. प्रथम वाचतांना हा रुक्षपणा खटकतो. दुसऱ्यांदा वाचतांना लक्षांत येतें कीं, ज्याला प्रत्येक पावलास कोणाचें तरी साहाय्य घ्यावें लागलें त्याच्या स्मरणांत देखावे राहत नाहींत, माणसें राहतात. या पुस्तकांतील खरी संपत्ति म्हणजे उपकारकर्त्यांची ही यादी होय.

आणि या यादीमुळेंच ‘एकटा प्रवासी’ या कल्पनेविषयीं शंका घेण्यास जागा होते. कोसंबी एकटे होते, परंतु अनाथ नव्हते. काशींत अन्नछत्र होतें. सिंहलद्वीपांत व ब्रह्मदेशांत भिक्षूला पात्रांत अन्न घालणारीं गृहस्थांचीं घरें होतीं. आपल्याकडेही माधुकरी मागून व वार लावून जेवून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. परक्या मुलानें दारांत यावें, आपण त्याला घांस द्यावा, आणि त्यानें त्या घांसाच्या बळावर विद्या करावी, असा हा अलिखित करार होता. कोसंबींनीं आपली बाजू पुरेपूर पाळली. पुढें सयाजीराव गायकवाडांनीं, महाराष्ट्रांत राहावें व वर्षाला एक पुस्तक लिहावें या बोलीवर, तीन वर्षें दरमहा ५० रुपये देऊं केले, तेव्हां कलकत्त्याची नोकरी सोडून त्यांनीं ते पतकरले. १९१० सालीं ते हार्वर्डला गेले ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठीं. तो ग्रंथ तेथून छापून निघाला १९५० सालीं, म्हणजे सेवाग्रामला त्यांचा देहांत झाल्यानंतर तीन वर्षांनीं.

येथें एका गोष्टीकडे डोळेझांक करून चालणार नाहीं. काशीचें अन्नछत्र ब्राह्मण विद्यार्थ्यासाठीं होतें. माधुकरीची झोळी कोणाच्या खांद्यावर शोभे आणि कोणाला तीच झोळी घेऊन गेल्यावर अंगणाबाहेर थांबवीत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. १९१३ सालीं डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले तेही सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षें. एवढ्यांत राहून, पोटाला चिमटा घेऊन, ग्रंथ जमवून त्यांनीं जो विद्याभ्यास केला तो सर्वश्रुत आहे. परंतु त्यांनीं प्रवासाविषयीं जें टिपण मागें ठेविलें त्यांत न्यूयॉर्क नाहीं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हें त्यांचें इंग्रजी आठवणींचें लहानसें पुस्तक उघडतें तें १९०१ सालच्या एका प्रवासानें. मसूर स्टेशनावर उतरलेल्या मुलांजवळ भाड्याचे पैसे आहेत, पण जात कळल्यावर गाडीवान त्यांना नेण्यास तयार होत नाहीं. शेवटीं दुप्पट भाडें देऊन, गाडी स्वतः हांकीत, तीं जातात. पुढें १९१७ सालीं अमेरिका व इंग्लंड पाहून आलेल्या याच माणसाला बडोद्यांत राहण्यास खोली मिळत नाहीं. पारशी नांव घेऊन धर्मशाळेंत उतरावें लागतें, आणि तेथूनही लाठ्या घेतलेला जमाव त्याला हुसकून लावतो. ज्याला परदेशांत भाड्याची खोली मिळाली त्याला स्वदेशांत ती मिळूं नये! कमी पैशांत प्रवास कसा करावा हें शिकविणाऱ्या कोणत्याही पुस्तकाशेजारीं हीं थोडीं पानें ठेवावीं, म्हणजे पैसा हीच एक अडचण असते हा भ्रम राहणार नाहीं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत तीं येत नाहींत कारण तीं इंग्रजींत आहेत. हें कारण आम्हांस पटत नाहीं.

आतां ‘निवेदना’च्या वहींतील एका कोऱ्या रकान्याकडे वळूं. कोसंबींनीं घर सोडलें तेव्हां घरीं त्यांची पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी होती. त्यांचा उल्लेख पुस्तकांत येतो. लेखक निर्दय नाहीं, आणि स्वतःस निर्दोष म्हणवीतही नाहीं. परंतु ज्या सात वर्षांत विद्येच्या शोधार्थ हा तरुण देशोदेशीं हिंडत होता त्या सात वर्षांत त्या मुलीचें दूध, कपडालत्ता आणि औषध यांची व्यवस्था कोणी व कशी पाहिली, याविषयीं लिहिलेला मजकूर गाडीभाड्याविषयींच्या मजकुरापेक्षां कमी भरतो. कोलंबोंत मिळालेल्या अन्नाची नोंद जो इतक्या बारकाईनें करितो त्याच्या वहींत ही बाब अशी थोडक्यांत आटोपावी, हें आम्हांस या थोर पुस्तकांतील सर्वांत मोठें उणें वाटतें. स्वस्त प्रवास पुष्कळदां स्वस्त असतो तो प्रवाशापुरता. घरीं राहिलेलें माणूस त्याचा उरलेला भाग भरीत असतें, आणि त्याला कोणी पावती देत नाहीं.

या बाबतींत आपल्या स्त्रियांचीं उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत. एप्रिल १८८३ या एकाच महिन्यांत दोन महाराष्ट्रीय स्त्रिया दोन वाटांनीं समुद्रापार निघाल्या. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या दोन वर्षांच्या मनोरमेला कडेवर घेऊन, आणि भाड्याची तजवीज केली होती ती ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) या आपल्या पुस्तकाच्या विक्रींतून. विधवेजवळ दुसरें काय असणार! त्यांचें ‘इंग्लंडचा प्रवास’ हें छोटें पत्ररूप पुस्तक त्याच सालचें. त्यानंतर अमेरिकेंत राहून लिहिलेलें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १८८९ सालीं निघालें. हें दुसरें पुस्तक मराठींतील पहिल्या प्रतीच्या प्रवासग्रंथांत बसावें. ज्या देशानें आपल्याला आसरा दिला त्याची लोकस्थिति समजून घेऊन ती घरच्यांना सांगणें हें आपलें देणें आहे, अशा भावनेनें तें लिहिलेलें आहे. त्यांत मीपणा इतका थोडा आहे कीं, आजचा वाचक गोंधळून जाईल.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या. वय अठरा. नवरा मागें राहिला, बायको पुढें गेली. त्या काळीं हें उलटें चित्र पाहून लोकांनीं काय काय म्हटलें असेल तें सांगावयास नको. हातांतल्या सोन्याच्या बांगड्या मोडून जमविलेला पैसा, कांहीं वर्गणी, आणि पलीकडे न्यू जर्सीत केवळ पत्रांच्या ओळखीवर घर उघडून बसलेल्या कार्पेंटरबाई, एवढें भांडवल. आनंदीबाईंनीं स्वतः प्रवासाचें पुस्तक लिहिलें नाहीं. लिहिण्यास आयुष्यच उरलें नाहीं. त्यांचीं पत्रें काशीबाई कानिटकरांनीं १८८९ सालच्या चरित्रांत वापरलीं, आणि त्यांतूनच आपल्याला तो संसार दिसतो. फिलाडेल्फियाची थंडी, अंगावर नऊवारी लुगडें, अन्नाचे हाल. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं क्षयानें त्या पुण्यांत वारल्या. वयाला बावीस वर्षेंही पूर्ण झालीं नव्हतीं. काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये, हा प्रश्न या चरित्राइतका तीव्रपणें दुसऱ्या कोणत्याही मराठी पुस्तकानें आमच्यापुढें मांडलेला नाहीं. चरित्रें लिहिणाऱ्यांनीं मात्र त्याचें बलिदान करून टाकलें. पुरेसें ऊबदार कापड, पचेल असें अन्न, धूर न कोंडणारी खोली यांना ‘बलिदान’ या शब्दाखालीं झांकून टाकणें सोपें असतें.

स्वातंत्र्यानंतर या वाङ्मयाचा ओघ पालटला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’नें (१९६०) मध्यमवर्गीय वाचकाला विलायतेचें दडपण टाकून हंसावयास शिकविलें, हा उपकार लहान नाहीं. परंतु पु. ल. सपत्नीक होते व कामानिमित्त गेले होते. पुढें मीना प्रभु यांनीं ‘माझं लंडन’ (१९९३) आणि नंतरच्या कितीतरी पुस्तकांनीं, एकट्या स्त्रीनें जग पाहावें ही गोष्ट आपल्या घरांतील स्त्रियांना सवयीची करून टाकली. त्यांच्या धीटपणाविषयीं व मेहनतीविषयीं आम्हांस आदर आहे. एवढेंच कीं, त्यांचें निघण्याचें ठिकाण लंडन होतें, बीबी नव्हे. विदर्भांतून निघालेल्या गरीब प्रवाशाची गोष्ट हवी असेल तर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवावे. जपान, अमेरिका, अखेर मेक्सिको. मजुरी करीत शिकलेला हा क्रांतिकारक चापिंगोच्या कृषिविद्यालयांत अध्यापक झाला. त्यांची कथा वीणा गवाणकर यांच्या ‘नाही चिरा, नाही पणती’ या चरित्रांतून बहुतेकांना कळली. ती प्रवासवर्णन म्हणून वाचणारा वाचक अजून आमच्या पाहण्यांत नाहीं.

आजच्या तरुणाची अडचण कोसंबींच्या अडचणीहून वेगळी आहे, आणि ती त्यानें ओळखली पाहिजे. १९०२ सालीं तुतिकोरीनहून कोलंबोस जाणाऱ्या आगबोटीचें भाडें हातीं असलें कीं पुष्कळ काम झालें. ब्रह्मदेश तर तेव्हां हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखालीं होता व १९३७ पर्यंत राहिला. हिंदुस्थानांत पासपोर्टाचा कायदा झाला १९२० सालीं. आज मात्र सीमेवरचा अधिकारी प्रवाशाच्या धैर्यापेक्षां त्याचें बँकेचें पुस्तक आधीं पाहतो. युरोपांतील शेंगेन देशांचें व्हिसाशुल्क जून २०२४ पासून प्रौढांस ९० युरो आहे. अर्ज नामंजूर झाला तरी तें परत मिळत नाहीं. शिवाय निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि राहण्याखाण्याइतका पैसा जवळ असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे गरीब माणसानें परदेशीं जाण्यापूर्वीं आपण गरीब नाहीं असें सिद्ध करावयाचें! लोणारला आलेल्या त्या बोचकेवाल्या गोऱ्या पाहुण्यामध्यें आणि आमच्या मुलामध्यें असलेला खरा भेद धाडसाचा नसून पासपोर्टाचा आहे. भारतीय नागरिकाला पासपोर्टाशिवाय जातां येईल असा परदेश नेपाळ आहे. कोसंबी ज्या परमुलुखांत प्रथम गेले तोच हा, आणि आमच्या एखाद्या मुलानें आरंभ तेथून केला तर त्यांत कमीपणा नाहीं.

हल्लीं ‘खिशांत दमडी न घेतां जग पाहिलें’ अशा थाटाच्या हकीकती सर्वत्र ऐकूं येतात. त्यांची आणि ‘निवेदना’ची तुलना कोणी करूं नये. ज्याच्या घरीं हांक मारतांच पैसा येईल अशा माणसानें गरीब देशांतील गरिबाच्या चुलीवर दोन दिवस जेवावें आणि त्याला साहस म्हणावें, हें भिक्षूचें व्रत नव्हे. भिक्षु मागतो तो उघड मागतो, ठरल्या वेळीं, ठरल्या रीतीनें; त्याच्यावर नियमांचें ओझें असतें आणि देणाऱ्याला काय मिळतें हें दोघांनाही ठाऊक असतें. या नव्या हकीकतींत देणाऱ्याचें नांवही नसतें. ‘एका खेडुतानें आम्हांस जेवूं घातलें’ या वाक्यांतील तो खेडूत रात्रीं स्वतः जेवला कीं नाहीं, हें विचारण्याची बुद्धि लेखकास झाली असती तर आम्ही त्याचें पुस्तक अधिक ममतेनें वाचलें असतें. स्वस्त वसतिगृहांत राहून, स्वतः शिजवून, घेतलेल्या प्रत्येक वस्तूचें मोल देऊन हिंडणारा तरुण आम्हांस अधिक सच्चा वाटतो. अशा वसतिगृहांचा पायंडा जर्मनींत एका शाळामास्तरानें विसाव्या शतकाच्या आरंभीं घातला. आपल्या धर्मशाळेचाच तो परदेशी भाऊ म्हणावा, फक्त तेथें ताट स्वतः घांसावें लागतें.

राहतां राहिली प्रकाशकांना करावयाची सूचना. ‘निवेदना’ची नवी आवृत्ति जो कोणी काढील त्यानें तिला एक साधा नकाशा जोडावा, सांखवाळपासून मंडालेपर्यंतचा सगळा प्रदेश एका पानावर मावतो. त्यासोबत त्या काळचें रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचें व आगबोटीचें भाडें, आणि पुस्तकांत ज्यांनीं ज्यांनीं कोसंबींस साहाय्य केलें त्यांची पृष्ठांकांसह नांवनिशी द्यावी. त्या नांवनिशींत बाळाबाईंचें नांव विसरूं नये.